खांब नंबर सतरा

बीदरात सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आईला, म्हणजे अव्वाला, हुलसूर गावाहून आठ दिवसांच्या बोलीवर आणलं. अप्पा गेल्यापासून ती तिथं एकटीच होती. आवडलं तर कायमची राहणार, नाही तर रविवारच्या बसनं परत.

पहिल्या तासातच तिनं फ्लॅटची तपासणी उरकली.

"माणसं दोन आन् संडास तीन. तिसरा कुणासाठी?"

"पाहुण्यांसाठी."

"पाहुण्याला त्याच्यासाठी बोलवायलास व्हय?"

स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधे भिंत नाही, हे तिला अब्रू गेल्यासारखं वाटलं. बिल्डरच्या कागदात त्याला 'मोकळी जीवनशैली' म्हटलं होतं. अव्वा म्हणाली, विटा कमी पडल्या असतील. ओटा तर कमरेच्याही वर. "भाकरी काय उभ्यानं थापायची? मी काय हाटेलात कामाला हाय?" तिनं शेगडी खाली उतरवली, फरशीवर लाकडी काटवट मांडली आणि मांडी घातली.

पण खरी तक्रार वेगळीच होती.

"सबंध इमारतीत एकच बाई बोलती, लिफ्टमधली. ती बी इंग्रजीत. हितं मी मेले तर वास येईस्तोवर कुणाला कळायचं न्हाई, परभू."

"मी आहे की."

"तू आठला उठतूस."

आठला खरंच उठतो.

तिसऱ्या दिवशी इमारतीच्या ग्रुपवर गुंडप्पा मास्तरांनी लिहिलं, 'रोज पहाटे साडेपाचला धप धप आवाज येतो. छत खचत आहे काय?' मास्तर पाचव्या मजल्यावर, आमच्या बरोबर खाली राहतात. दुपारपर्यंत निम्मी इमारत खचली होती. कुणी पाण्याच्या पाइपला दोष दिला, कुणी पायाभरणीला न फोडलेल्या नारळाला. मीही जबाबदार रहिवासी म्हणून लिहिलं, 'बाब गंभीर आहे.'

शुक्रवारी पहाटे बिल्डरचा इंजिनिअर महेशकुमार आला. स्टुलावर चढून त्यानं मास्तरांच्या छताला स्टीलचा पेला लावला आणि पेल्याला कान. मास्तर, मी आणि ग्रुपमधले आणखी दोघे श्वास धरून उभे.

धप. धप.

"खांब नंबर सतरा," तो म्हणाला. खांब आमच्या स्वयंपाकघरातून वर जातो, म्हणून सगळे वर आलो. दारात पाच पुरुष बघून अव्वा हात पुसत उठली आणि चहाला लागली. आवाज बंद. चहा पिऊन खाली गेलो. धप. वर आलो, बंद.

"अजून चहा घेणार व्हय?" अव्वानं विचारलं.

महेशकुमारनं डायरीत नोंद केली, 'माणसं आली की खांब थांबतो.'

तिसऱ्या खेपेला मास्तरांची बायको सुशीलाबाई सोबत आली. तिनं खांबाकडे बघितलंच नाही. "अय्यो, अक्का भाकरी थापायलीय की! ह्ये कळंना झालंय व्हय तुमाला?"

नाहीच कळलं. मास्तरांकडे दहा वर्षांपासून भाकरी विकतची येते. मी तर जन्मापासून त्या आवाजात झोपलोय, लहानपणी मला तो बंद झाल्यावर जाग यायची. काटवटीतलं पीठ मला दिसत होतं. पण मी इंजिनिअरच्या मागं उभा होतो आणि इंजिनिअर खांबाकडे बघत होता.

अव्वा मात्र शरमून गेली. "लोकांची झोप मोडले की रं." संध्याकाळी तिनं पिशवी भरून ठेवली. शनिवारी पहाटे काटवटीखाली चौपदरी गोधडी घातली आणि लेकराला निजवावं तशी भाकरी थापली.

सहाला बेल वाजली. दारात मास्तर, बनियनवर, धापा टाकत. लिफ्टचीही वाट न बघता जिन्यानं आले होते.

"अक्का, आज आवाज न्हाई आला. बरं हाय नव्हं तुमाला?"

अव्वानं काटवटीकडे बोट दाखवलं.

"गोधडी घातलते, मास्तर. तुमची झोप मोडू नये म्हून."

"झोप कुठली? साडेपाचपासनं दोघं छताकडं बघत पडलाव. ही म्हनली, आधी वर जाऊन बघून या."

अव्वानं पदरानं नाक पुसलं आणि त्यांच्या हातावर दोन गरम भाकऱ्या ठेवल्या. मास्तरांनी फुंकर मारत त्या या हातातून त्या हातात घेतल्या आणि तसेच जिन्यानं उतरले.

रविवारी अव्वा तरीही हुलसूरच्या बसमध्ये बसली. मी खिडकीखाली उभा.

"कामून तोंड पाडलास? गावच्या घरातलं ज्वारीचं पोतं कोण आणंल, तुझा इंजिनिअर?" बस हलली तशी ती खिडकीतून वाकली. "मंगळवारी यायलेय मी. मास्तरला सांग, दोन दिवस आवाज यायचा न्हाई, घाबरू नका म्हनावं!"