मधल्या टाळ्या

ताईची ऑपेरा कंपनी बंद पडली, तेव्हा धाकट्या बहिणीनेच शब्द टाकून तिला आपल्या म्युझिकलमध्ये काम मिळवून दिलं. ताई आली ती नाक मुरडतच.

"आमचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेत पोचतो. तुमचा सगळा गळा त्या डबीत!"

धाकटी नुसती हसली. "इथे आवाजाआधी शब्द पोचवायचे असतात गं. ऑपेरासारखी वर अर्थ सांगणारी पट्टी नसते आमच्याकडे."

पहिल्या प्रयोगात ताईला एकच गाणं होतं. शेजारीण धावत येते आणि आईला सांगते, तुझा मुलगा बुडाला. आई म्हणजे धाकटी. ताईने असा काही सूर लावला की माइकवाल्याने घाबरून आवाज उतरवला. सूर छताला भिडला, शब्द मात्र कुठच्या कुठे वाहून गेले. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि ऑपेरातल्या सवयीने ताई पुढे आली, छातीवर हात ठेवून वाकली. टाळ्या थांबेनात, म्हणून पुन्हा वाकली.

तेवढ्यात लोक हसायला लागले. तिने वळून पाहिलं. मागे धाकटी गुडघ्यांवर कोसळून हंबरडा फोडत होती, आणि ती का रडतेय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पडदा पडल्यावर धाकटी कडाकडा भांडली असती, तरी बरं वाटलं असतं. पण धाकटीने शांतपणे तोंडावरचा रंग पुसला.

"ताई, उद्या माझा मुलगा गेल्याचं तेवढं लोकांना कळू दे. टाळ्या सगळ्या तूच घे."