अकरा जणांनी न वाचलेला लेख

मार्गदर्शक सरांनी माझ्या प्रबंधाचा आराखडा माझ्याकडेच परत सरकवला. म्हणाले, "सिस्टर, हे तर कधीच सिद्ध झालंय. शुक्रवारी समितीने 'यात नवीन काय' असं विचारलं, की विषय रद्दच समजा."

नऊ महिने मी वॉर्डात मोजत होते. ड्रेसिंग करताना पुढे काय करणार ते रुग्णाला आधी सांगितलं, तर तो दुखण्याची गोळी कमी वेळा मागतो का? एकोणीस वर्षं जखमा बांधल्यावर सुचलेला प्रश्न, आणि तो म्हणे शिळा! माझं डोकंच फिरलं. तशीच तणतणत ग्रंथालयात गेले.

संदर्भ विभागातली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची होती. मनात म्हटलं, ही काय दिवे लावणार!

"सिद्ध झालंय असं कोण म्हणतं?" तिने विचारलं.

"अकरा लेख म्हणतात. सगळे एकाच जुन्या लेखाचा हवाला देतात."

"तो तुम्ही वाचलाय, ताई?"

मी पदराशी चाळा करत बसले.

तिने अकराही संदर्भ पडद्यावर एकाखाली एक लावले आणि खुदकन हसली. "सगळ्यांनी त्या नियतकालिकाचा खंड सातवा लिहिलाय. त्या वर्षी निघाला होता नववा. एकाने चूक केली, बाकीच्यांनी डोळे झाकून उतरवली. मूळ लेख कुणी उघडलेलाच नाही!"

"बारावी मी," मी कबूल करून टाकलं.

तळघरातून नववा खंड आला. लेख जेमतेम दोन पानांचा, लिहिणारी माझ्यासारखीच एक नर्स. शेवटच्या ओळी मी मोठ्याने वाचल्या: 'हा केवळ माझा अंदाज आहे. कामाच्या धबडग्यात मोजायला सवड झाली नाही. कुणीतरी मोजून पाहावं.'

"मग कुणी मोजलं?" मुलगी म्हणाली.

"अगं, मी! दोनशे चौदा रुग्ण!" मी ओरडलेच. वाचणाऱ्यांनी माना वर केल्या, पण मला कसली शुद्ध! मी त्या पोरीला मिठी मारली. तिने हसत हसत मला बसवलं आणि खंड, वर्ष, पान असा अख्खा संदर्भ माझ्याकडून दोनदा नीट लिहून घेतला.

शुक्रवारी समितीने विचारलंच, "यात नवीन काय?"

मी त्या दोन पानांची झेरॉक्स पुढे केली. सरांनी शेवटच्या ओळी दोनदा वाचल्या.

"एकोणचाळीस वर्षांपूर्वी एका नर्सने काम सांगून ठेवलं होतं," मी म्हणाले. "ते झालंय."