लाल गाडीतली बाजूची सीट

मी सीट आहे. स्टिअरिंगसमोरची नव्हे, तिच्यावर बसणाऱ्यांचे फोटो छापून येतात, तिला बोलायची गरज पडत नाही. मी तिच्या शेजारची. माझ्यावर बसणाऱ्याच्या हाती चाक नसतं, मुठीत फक्त स्वतःचा जीव असतो. तेव्हा थोडं बोलले तर ऐकून घ्या.

माझा जन्म साच्यात झाला. काळ्या धाग्यांचं कापड, त्यावर चिकट राळ, वरून दाब आणि मग भट्टी. बाहेर आले तेव्हा इतकी हलकी होते की कारागिराने मला एका हाताने उचललं आणि दुसऱ्या हाताने चहा पिणं चालू ठेवलं. माझ्या पाठोपाठ त्याच साच्यातून माझी जुळी बहीण निघाली. तिला निळ्या गाडीत बसवलं, मला लाल गाडीत. रंग सोडला तर त्या दोन गाड्यांत स्क्रूचासुद्धा फरक नव्हता. ज्या स्पर्धेसाठी त्या बांधल्या होत्या, तिचा नियमच तसा होता.

मोटारींच्या शर्यती पुष्कळ प्रकारच्या असतात. कोणी गुळगुळीत रस्त्यावर एकट्याने बसायची बुटकी गाडी पळवतो, कोणी जंगलातल्या कच्च्या वाटांवर धूळ उडवतो, कोणी गोल मैदानाला दिवसभर घिरट्या घालतो, कोणी चक्क ट्रक पळवतो. प्रत्येकजण आपापल्या घरी राजा, आणि इतरांच्या शर्यतीला तो मनातल्या मनात पोरखेळ समजतो. अशा सगळ्या राजांना निरनिराळ्या देशांतून एका ठिकाणी बोलवायचं, हाती सारख्याच गाड्या द्यायच्या आणि म्हणायचं, आता दाखवा. हरल्यावर दोष द्यायला गाडी उरली नाही की माणूस किती उघडा पडतो, हे मी अगदी जवळून पाहिलं आहे.

शर्यतीची जागा म्हणजे एक फुटबॉलचं मैदान. हिरवळीवर डांबर ओतून दोन पट्ट्या केल्या होत्या, एक आतली आणि एक बाहेरची. आतलीचं पहिलं वळण उजवं होतं, बाहेरचीचं डावं. एका टोकाला छोटासा पूल होता. त्याच्या वरून एक गाडी जायची, खालून दुसरी. त्यामुळे आतल्या पट्टीतून सुटलेली गाडी दुसऱ्या फेरीत बाहेरच्या पट्टीत यायची आणि बाहेरची आत. दोन फेऱ्या झाल्या की दोघांनी सारखीच वाट तुडवलेली असायची. कडेला फोमच्या जाड भिंती होत्या.

वजनही सारखं हवं, म्हणून माझ्यावर सत्तर किलोंची वाळूची पिशवी बांधायचे. कोणाला माणूस बसवायचा असेल तर परवानगी होती. तो सत्तरला कमी पडला तर शिशाच्या पट्ट्या घालून भरपाई करायची. वजनकाट्यापाशी एक तपासनीस साहेब बसत. त्यांचं समाधान फक्त सहीने होत असे.

पहिल्या दिवशी सरावात मी माणसं पाहिली आणि थक्क झाले. गोल मैदानवाला आयुष्यभर डावीकडेच वळत आलेला. उजवं वळण समोर आलं की तो क्षणभर असा बघायचा, जणू कोणी परक्या भाषेत हाक मारली आहे. पण एकदा चाकाचा अंदाज आला आणि त्याने ते वळण असं घेतलं की गाडीच्या चारही टायरांनी एकदम श्वास सोडल्यासारखं मला वाटलं. ट्रकवाले काका दार लावताना गाडी हलवायचे आणि त्याच अगडबंब हातांनी चाक मात्र दोन बोटांत धरायचे. आणि एक होता लांब पायांचा, बुटक्या गाड्यांचा विजेता. त्याच्या गाडीत दुसरी सीटच नसते, म्हणून सगळे त्याला एकटा म्हणत. वाळूच्या पिशवीपासूनसुद्धा तो अंग चोरून बसायचा. पण तो ब्रेक इतका उशिरा लावायचा की मला वाटे, आता संपलं; आणि प्रत्येक वेळी नेमकं तिथेच वळण त्याची वाट बघत उभं असायचं.

मग बाई आल्या. जंगलातल्या रॅलीच्या विजेत्या, वय चाळिशीच्या पुढे. माझ्यावर वाळूची पिशवी बांधून त्या निघाल्या आणि सगळ्यांत शेवटच्या आल्या. ब्रेक लवकर, वळण उशिरा, आणि दर थोड्या वेळाने माझ्याकडे एक कटाक्ष, जणू पिशवी काही बोलेल. रॅलीत बाजूला वाट सांगणारा बसतो. पुढचं वळण दिसायच्या आधी तो वहीतून वाचतो: उजवं, किती तीव्र ते आकड्यात, मग किती मीटर, मग डावं. एकोणीस वर्षं हे काम बाईंच्या थोरल्या भावाने केलं होतं. त्यांना सगळेच दादा म्हणत.

बाईंनी तपासनिसांकडे जाऊन सांगितलं की आपल्या बाजूला दादा बसेल. ऐकून मैदानभर हशा पिकला. हाकेच्या अंतरात सगळा रस्ता दिसतो, इथे वाट चुकायची भीती वाटते का, असं गोल मैदानवाल्याने विचारलं. ट्रकवाले काका म्हणाले, "बसू द्या हो. माझ्याकडे घरच्या गाडीत बाजूची सीट न विचारता सगळं सांगते."

दादा काट्यावर अठ्ठावन्न भरले. माझ्याखाली बारा किलो शिसं आलं आणि माझ्यावर दादा. ते नेहमी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून गाडीपर्यंत येत. बघणाऱ्यांना त्यात माया दिसे. आदल्या संध्याकाळी दोघं सबंध रस्ता पायी फिरून आली होती, आणि दादांनी पावलं मोजून जाड लेखणीने वही भरली होती.

पहिल्या लढतीत त्यांनी तोंड उघडलं आणि मला कळलं की आपण कशासाठी जन्मलो. तो आवाज मोठा नव्हता. "उजवं चार. तीस. डावं दोन, आत कापू नकोस. पूल." प्रत्येक शब्द नेमका तेव्हा यायचा जेव्हा बाईंच्या हातांना तो हवा असायचा, अर्धा क्षण आधी नाही, नंतर नाही. त्या सरावात अडखळत होत्या यावर कोणाचा विश्वास बसला नसता. गोल मैदानवाला हरला. दुसऱ्या लढतीत काका हरले, आणि उतरल्यावर त्यांनी दादांच्या वहीला हात जोडले.

पण मला एक गोष्ट कळली होती जी मैदानातल्या चाळीस हजार प्रेक्षकांत कोणाला कळली नव्हती. दादा पान उलटत नव्हते.

वही मांडीवर उघडी असायची, अंगठा कडेवर फिरत असायचा, आणि पान तेच. त्यांची पाठ मात्र माझ्यावर घट्ट टेकलेली असे. गाडी उजवीकडे वळली की ते माझ्या डाव्या कडेवर दाबले जायचे, ब्रेक लागला की पट्टे छातीत रुतायचे, पूल आला की क्षणभर त्यांचं वजन हलकं व्हायचं. त्यावरून ते ओळखत होते की आपण कुठे आहोत. दादांना दिसत नव्हतं. जवळजवळ काहीच नाही. रस्ता त्यांच्या डोक्यात होता आणि तो कुठवर आला हे त्यांना मी सांगत होते. इतका मोठा मान कुठल्या सीटला मिळाला असेल, मला माहीत नाही. आणि इतकी भीतीही. कारण दोघांच्या बोलण्यात सारखा पुढच्या महिन्याचा विषय यायचा: डोंगरातली मोठी रॅली, शंभर शंभर किलोमीटरच्या वाटा, एका बाजूला कडा. तिथे फोमच्या भिंती नसतात.

अंतिम लढत बाई आणि एकटा यांच्यात ठरली. दोनदा धावायचं, पट्ट्या बदलून, आणि दोन्ही वेळांची बेरीज. चिठ्ठी काढली तेव्हा पहिल्या धावेसाठी बाईंना बाहेरची पट्टी आली. दादांनी मान डोलावली आणि ओठांतल्या ओठांत तो क्रम घोकून घेतला. तेवढ्यात एकट्याच्या मंडळींनी हरकत घेतली की चिठ्ठी आमच्यासमोर उघडली नाही. मग रीतसर फेरसोडत झाली. या वेळी आतली पट्टी आली. तोवर हेल्मेटं चढली होती, इंजिनं सुरू होती; हेल्मेटमधल्या माइकवरून बाई आणि दादा तेवढे एकमेकांना ऐकू शकत होते, बाहेरचं काही आत येत नव्हतं. तपासनिसांनी बदल कागदावर लिहिला, खाली सही ठोकली आणि तो कागद आमच्या काचेवर दादांच्या नाकासमोर चिकटवला. कळवल्याचं समाधान मानून ते निघून गेले.

बाईंनी कागद वाचला. मग त्यांनी दादांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दादा समोर बघत होते, कागदाच्या आरपार. मग बाईंनी मान वळवली आणि हात चाकावर ठेवले.

सुटायची खूण असलेले लाल दिवे विझले आणि आम्ही सुटलो. "डावं तीन," दादा म्हणाले, नेहमीच्या शांत आवाजात. समोर उजवं वळण होतं.

एकोणीस वर्षांची सवय हातांत असते, डोक्यात नाही. बाईंचे हात डावीकडे गेले. गाडीचं मागचं अंग भिंतीकडे झेपावलं, फोमला घासलं, आणि त्या झटक्यात बाईंनी चाक उलटं ओढून गाडी सावरली. मग रॅलीत चालकाने कधीच करू नये ते त्यांनी केलं. धावत्या गाडीत त्या बोलल्या.

"दादा, आपण आतल्या पट्टीत आहोत."

एवढंच. दादांची पाठ माझ्यावर दगडासारखी झाली. एक श्वास, फार तर दीड. मग त्यांनी डोक्यातला सबंध रस्ता उलटा मांडला, मधूनच उचलला आणि पुढचा शब्द नेमक्या जागी टाकला: "वीस. डावं दोन." शेवटपर्यंत एकही शब्द चुकला नाही. आयुष्यात मी पुष्कळ वेग पाहिला, पण त्या दीड श्वासात त्या माणसाने जे केलं तसा वेग पुन्हा पाहिला नाही.

आम्ही सात दशांश सेकंदांनी मागे पडलो होतो. गाडी थांबली, इंजिन बंद झालं. दोघं बसूनच राहिली.

"कधीपासून माहीत आहे तुला?" दादांनी विचारलं.

"तू बशी चाचपून कप ठेवायला लागलास तेव्हापासून."

"मग इथे कशाला बसवलंस मला?"

बाईंनी हातमोजे काढले. म्हणाल्या, "इथल्या भिंती फोमच्या आहेत, दादा. तुला सांगायला जागा हवी होती. मघाशी कागद वाचून मी तुझ्याकडे बघत बसले. म्हटलं, आता तरी विचारशील, काय लिहिलंय गं. पट्टी मलाच सांगायला हवी होती, ते माझं चुकलं. पण डोंगरात मी तुला विचारत बसणार नव्हते, आणि नेणारही नव्हते."

दादांनी मांडीवरची वही मिटली. मग ते म्हणाले की डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, पण ही सीट सोडली तर तू गाडी सोडशील अशी भीती वाटली. "तीच भीती मलाही होती," बाई म्हणाल्या, "काल सरावात बघितलंस ना." मग स्वतःच्या बोलण्याचं त्यांना हसू आलं. "बघितलंस कसलं," त्या म्हणाल्या, आणि दादाही हसले.

दादांनी पट्टे स्वतः सोडले. तपासनीस साहेब जवळच उभे होते. दादा त्यांना म्हणाले, "साहेब, मला दिसत नाही. वाट सांगणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढायचा अर्ज आहे. मजकूर तुम्ही लिहा, सही मी करतो." साहेबांनी कागद काढला, आणि सही कुठे करायची ते दाखवायला, पहिल्यांदाच कोणाचा तरी हात हातात धरला.

दुसऱ्या धावेला माझ्यावर पुन्हा वाळूची पिशवी आली. दिवे विझले. या वेळी बाहेरची पट्टी. पहिल्या वळणापाशी मला वाटलं, आता त्या माझ्याकडे बघणार. नाही बघितलं. त्या स्वतःशीच बोलायला लागल्या, दादांच्याच शब्दांत. दोन वळणांनंतर शब्द थांबले. पुलापाशी तर श्वासही ऐकू येईना. उरलं ते फक्त चालवणं. गाडी वळणाला जात नव्हती, वळणच गाडीखाली येत होतं. शेजारच्या पट्टीत एकटा होता, जगातला सगळ्यांत उशिरा ब्रेक लावणारा माणूस, आणि आम्ही त्याच्याही नंतर लावत होतो. माझ्या साच्यात, राळेत, धाग्यात कुठेतरी काटा आला असेल तर तो तेव्हा.

ध्वनिक्षेपकावर वेळ सांगितली गेली. दोन दिवसांतली सगळ्यांत कमी वेळ. आम्ही ती धाव पाच दशांशाने जिंकली, आणि बेरजेत दोन दशांशाने स्पर्धा हरलो. चषक एकट्याने नेला. नेताना तो बाईंच्या गाडीपाशी आला आणि त्याने दुसऱ्या धावेचा आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला.

दादांनी आकडा ऐकला होता. माझ्या बाजूच्या दाराला हात लावून ते म्हणाले, "म्हणजे एकोणीस वर्षं मी तुला हळू चालवत होतो. बोलली नाहीस कधी."

"तू मध्ये थांबायचास कुठे," बाई म्हणाल्या, आणि मग पलीकडच्या काचेकडे तोंड करून बराच वेळ हेल्मेटचा बंद सोडत बसल्या.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्या गाड्या मोडीत गेल्या. निळ्या गाडीतली माझी बहीण कुठे गेली ते कळलं नाही. मला बाईंनी मागून घेतलं आणि चार लोखंडी पायांवर बसवलं. मी एका गॅरेजच्या मागच्या खोलीत असते. वाट सांगायला शिकणारी मुलं-मुली माझ्यावर बसून, धावत्या गाडीतून टिपलेला रस्ता पडद्यावर बघत वही वाचतात आणि समोरच्या खुर्चीत डोळे मिटून दादा ऐकतात. मध्येच म्हणतात, "थांब. ते वळण अजून आलेलं नाही." आणि खरंच आलेलं नसतं. बाई अजून डोंगरातल्या वाटांवर जातात. त्यांच्या बाजूला हल्ली एक चष्मेवाली मुलगी बसते. ती इथूनच शिकून गेली. तिची पाठ अजून मला आठवते. पहिल्या दिवशी नुसती थरथरत होती.

माझ्या अंगावरचं कापड विरलं आहे, एका बाजूला चीर गेली आहे. तक्रार नाही. फक्त नवं कोणी येऊन बसलं की मला एक सांगावंसं वाटतं. माझा आवाज त्यांना पोचत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. बाजूच्या सीटवर बसणं हे कमी दर्जाचं काम नाही. चालवणाऱ्याचा जीव तुमच्या शब्दावर असतो. तेव्हा आपल्याला काय दिसतं ते जरूर सांगा, पण काय दिसत नाही ते इंजिन सुरू व्हायच्या आधी सांगा. शेजारच्याला ते बहुधा आधीच माहीत असतं. तो तुमच्या तोंडून ऐकायला थांबलेला असतो.