बाबांची बस अडखळते

दिवसभर परक्यांच्या कॉम्प्युटरची गाऱ्हाणी ऐकून धाकटीचे कान किटले होते. एका कंपनीच्या मदत-केंद्रात तिची नोकरी. कानाला हेडफोन लावायचा, समोरच्याचं रडगाणं ऐकायचं, त्याची स्क्रीन आपल्या स्क्रीनवर घ्यायची आणि दुखणं शोधायचं. शनिवारीसुद्धा यातून सुटका नाही. संध्याकाळी घरी येऊन चपला काढते न काढते तोच बाबांनी गाठलं.

"आज परत अडकला गं कॉम्प्युटर. चित्र धड चालतच नाही."

बाबा बसचालक. सगळी उमर चाकामागे गेली, पण गाडीवर कधी ओरखडा नाही, आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांचा जीव घरात रमेना. खिडकीशी बसून रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या गाडी हाकण्याला नावं ठेवणं, एवढाच उद्योग उरला होता. मागच्या आठवड्यात एका शाळेने मुलांची ने-आण करायला त्यांना बोलावलं, सोमवारपासून या म्हणाले, आणि माणूस पुन्हा माणसात आला. रोज दाढी होऊ लागली. हात परत बसावा म्हणून धाकटीनेच त्यांना बस चालवायचा खेळ आणून दिला होता, टेबलाला लावायच्या स्टिअरिंगसकट. आता तो खेळच अडखळत होता, आणि बाबांनी त्याचा धसका घेतला होता. "इथेच जमत नाही, तर पोरं मागे बसवून काय जमणार?" असं ते काल म्हणाल्याचं आईने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं.

म्हणजे आता हे दुरुस्त करणं आलं. कंटाळा आला म्हणून सांगणार कुणाला!

"नक्की होतं काय?" तिने कामावरच्याच आवाजात विचारलं.

"सिग्नल सुटतो, मी निघतो. आणि एकदम बघतो तर पुढच्या वळणावर, कठड्याला घासलेला. मधला रस्ताच गिळतो हा डबा."

"फ्रेम गळतायत," ती म्हणाली. पडद्यावर चित्रं भराभर बदलतात म्हणून हालचाल दिसते. त्यातली काही गळली की झटका बसतो. असे झटके ती रोज डझनावारी निस्तरत होती.

पहिलं कारण तर डोळ्यांसमोरच होतं. आईच्या राज्यात उघडं राहायची परवानगी फक्त माणसांना. मिक्सरला झगा, रिमोटला पिशवी, आणि कॉम्प्युटरच्या डब्याला तिने स्वतः शिवलेला, आतून अस्तर लावलेला गलेफ. डबा आत उकडून निघत होता.

"आई, याला श्वास घेऊ दे गं!"

"धूळ बसते," आई म्हणाली, पण गलेफ काढून घडी घालून ठेवला.

धाकटीने पंख्यातली धूळ काढली, मागे उगाच चालू असलेले चार प्रोग्रॅम बंद केले, खेळातल्या झाडांच्या सावल्या आणि पाण्याची चमक कमी केली. बाबांनी एक फेरी मारली. "परत गिळला," ते म्हणाले.

मग तिने तेच केलं जे ती रोज करते. आतल्या खोलीत जाऊन लॅपटॉप पोटावर घेतला, पलंगावर आडवी झाली आणि बाबांची स्क्रीन आपल्याकडे घेतली. भिंतीपलीकडून हुकूम सोडायला सुरुवात. हे दाबा, ते दाबू नका. पाठ टेकली होती, तेवढंच सुख. मदत-केंद्रात पहिल्याच दिवशी शिकवलेलं तिच्या अंगात मुरलं होतं: यंत्राची चौकशी करा, माणसाची करू नका. माणसाची केली की तो चिडतो आणि फोन लांबतो.

तिने पुढची फेरी रेकॉर्ड करून पाहिली. चित्र लोण्यासारखं सरकत होतं. कोपऱ्यातला दर सेकंदाच्या फ्रेमचा आकडा जागचा हलला नव्हता, म्हणजे एकही गळली नव्हती. इतर गाड्या धावत होत्या, पादचारी चालत होते. फक्त बाबांची बस वळणावर वळली नाही, सरळ जाऊन कठड्याला घासली.

'स्टिअरिंगची वायर,' तिच्या मनात आलं. 'सैल असणार.' आता उठावंच लागणार होतं.

तिने वायर काढून दुसऱ्या खाचेत घातली, स्टूल ओढलं आणि बाबांच्या शेजारी बसली. "चालवा. मी स्टिअरिंगवरचा दिवा बघते, विझतो का ते."

बाबांनी बस काढली. थांब्यावर सफाईने लावली, दार उघडलं, बंद केलं. सिग्नल हिरवा झाला. वळण जवळ आलं. दिवा नीट जळत होता. पण त्या दिव्याच्या दोन्ही बाजूंचे हात हलत नव्हते.

तिने वर पाहिलं. बाबांचे डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत कुणी नव्हतं. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते.

"बाबा?"

बस सरळ चालली होती.

"बाबा!"

कठडा घासल्याचा आवाज आला. बाबांनी पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि तिच्याकडे वळून जिंकल्यासारखे हसले.

"बघितलंस? आता तरी पटलं ना? गिळला की नाही रस्ता?"

इतका वेळ धाकटी पडदा बघत होती. पडद्यासमोर बसलेला आपला बाप तिने बघितलाच नव्हता. तिला स्वतःची चीड आली, आणि ती चीड धरून ठेवायचंही त्राण नव्हतं. स्टिअरिंग खराब आहे, बदलून आणते, एवढं म्हटलं असतं तर बाबा खूश, आई खूश, आणि तिला निजायला मिळालं असतं. जीभ त्याच वाक्याकडे ओढ घेत होती.

"बाबा, कॉम्प्युटर थांबला नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही थांबला होतात. मी हाका मारल्या. तुम्हाला ऐकूच आलं नाही."

"काहीतरीच काय! मी चालवत होतो."

"हात स्टिअरिंगवर होते. चालवत नव्हता तुम्ही."

"मला शिकवू नकोस!" बाबा कडाडले. "चित्र तुझ्याच्याने सुधारत नाही, तर दोष माझ्यावर?"

आई दाराशी येऊन उभी राहिली होती. "जेवतानासुद्धा होतं हो तुमचं," ती चाचरत म्हणाली. "घास तसाच हातात राहतो. मला वाटलं, माझ्याकडे लक्ष देत नाही तुम्ही. नेहमीसारखं."

बाबांनी मान पडद्याकडे वळवली. बस कठड्याला टेकून उभी होती आणि मागे गाड्यांची रांग लागली होती.

"दवाखान्यात दाखवू," धाकटी म्हणाली. "फिटचाच एखादा प्रकार असेल. औषध असतं याला. सोमवारीच जाऊ."

"किती वेळ थांबतो मी?"

"थोडाच वेळ."

"गाडी चालवणाऱ्याला थोडाच वेळ सांगतेस? तेवढ्यात बस कुठवर जाते, ते सांग."

तिला खोटं बोलवेना. "वळण संपेपर्यंत."

बाबांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. ते हात तिला एकदम म्हातारे दिसले.

"शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लाव," ते म्हणाले. "आत्ताच. त्यांना सोमवारच्या आत दुसरा माणूस शोधावा लागेल."

"मी बोलते, बाबा. मला सवय आहे."

"नको. काम मी घेतलं होतं, नाही मीच म्हणणार." त्यांनी फोन हातात घेतला आणि स्टुलाकडे बोट केलं. "तू फक्त इथे बस. मी मधेच थांबलो, तर पुढचं तू सांग."