माशाची एकादशी

वेस्ट मांबलममधल्या सरोजाबाईंच्या घरातून कुणी उपाशी जात नसे. त्यांच्या टाकीतल्या लढाऊ बेट्टा माशालाही आल्यागेल्याने चिमूट-चिमूट खाणं घातलं आणि मासा फुगून टाकीच्या तळाशी आडवा पडला.

"अम्मा, दुसरा आणू," मुलगा गिरीधर म्हणाला.

त्या दिवशी बाईंची एकादशी होती. टाकीवर त्यांनी चिठ्ठी चिकटवली, "याचीही एकादशी आहे." द्वादशीला त्यांनी स्वतःचा उपास सोडला, माशाचा नाही. रोज थोडं पाणी तेवढं बदललं.

चौथ्या दिवशी मासा पोहत वर आला. बाईंनी कुंकवाचा आरसा काचेला लावला. समोर वैरी आहे असं समजून त्याने कल्ले फुगवले, पर ताठ उभारले.

"बघ माज," बाई गिरीधरला म्हणाल्या, "आपल्याच घरातला शोभतो."