चित्राखालची कोरी पट्टी

छापायची चित्रं कोरणाऱ्या हेस्टर क्विलमच्या पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. तिनं लिहिलं होतं, ‘मास्तर, तांब्याचा पत्रा कोरून झाला. खाली तुमच्या ओळींसाठी पट्टी मोकळी ठेवलीय. या वेळी तुमचं नावही कोरते.’

आजवर कितीतरी चित्रांखाली मी उपदेशाच्या ओळी रचल्या, नाव कुठेच आलं नाही. हे नाव मला फार हवं होतं. पण चित्र पाहिल्याशिवाय ओळी पाठवायचा धीर होईना. शेवटी फ्लीट स्ट्रीटवरच्या चित्रांच्या दुकानाशी गेलो. दुकानदारानं पहिला छाप काचेत टांगला होता, समोर ही गर्दी.

चित्रात पॅरिशचे, म्हणजे आमच्या चर्चच्या वस्तीचे, कारभारी जेवत होते. लग्नाबाहेरच्या पोराला पोसायला म्हणून बाप पॅरिशला एकरकमी पैसे देतो आणि कारभारी त्यावर मेजवानी झोडतात. आमच्याकडे त्याला सरळ ‘पोर खाणं’ म्हणतात.

“अगं बाई, हा तर पिल्बीम कसाई!” मासेवाली सूकी ओरडली. “हनुवट्या बघा मेल्याच्या!”

“आणि कोपऱ्यातला तुझा नवरा काय गं?” मागून कुणीतरी म्हणालं.

“त्याला कोण बोलावतंय! घरी तरी धड जेवतो का तो?”

हशा पिकला. मीही हसलो. मग टेबलाखाली नजर गेली. एकानं पालथ्या पाळण्यावर पाय टेकले होते. चेहरा मात्र एकाचाही दुष्ट नव्हता; सगळी शेजारपाजारची, मायाळू माणसं. टेबलाच्या अलीकडे, अगदी आमच्यासमोर, एक खुर्ची रिकामी होती. ताट वाढलेलं. सगळे हसून तिकडेच बघत होते, ‘या, बसा’ म्हटल्यासारखे.

“ही जागा कुणाची?” सूकीनं हळूच विचारलं.

एका हमालानं डोक्यावरची टोपी काढली, का ते त्यालाही कळलं नसावं. एवढ्याशा पत्र्यावर, नुसत्या रेघांनी, त्या हेस्टर पोरीनं हे केलं होतं!

खिशात माझ्या ओळी होत्या: ‘लोभ सोड रे माणसा’ वगैरे. त्या खाली आल्या, की लोक वाचतील, मान डोलावतील, आणि खुर्ची दुसऱ्या कुणाची तरी होईल.

घरी येऊन लिहिलं, ‘हेस्टर, पट्टी कोरीच ठेव. नावही नको.’ शेवटचं वाक्य खोडावंसं फार वाटलं. तसाच उठलो, मोहोर लावली आणि पत्र टपालवाल्याच्या हातात दिलं.