बंदरापर्यंत दोन काठ्या

आमच्या कुंडलिकचं लग्न झालं ते सत्त्याण्णव साली, वैशाखात. कुंडलिक म्हणजे माझ्या मोठ्या जावेचा, तुळसाचा मुलगा. बोटीवर नोकरीला होता. मुलगी ठाकुर्लीची, शीला नावाची, शाळेत खेळ शिकवणारी. कोळ्यांची नव्हे, पण तुळसाने कुरकुर केली नाही. हळदीला ती मांडवात अशी नाचली की बँडवालेच दमून बसले. आणि लग्नाचा मांडव उतरायच्या आत मोरीत पाय घसरून पडली. मांडीचं हाड वरच्या बाजूला मोडलं.

डॉक्टरांनी आतून पट्टी बसवून हाड जोडलं आणि सांगितलं, आता चाला. तुळसा चालली नाही. ओट्यावर खुर्ची टाकून बसली ती बसलीच. खुर्चीतून सगळ्या गल्लीवर तिची नजर असे. कोणाची कोळंबी शिळी, कोणाची सून उशिरा उठते, तिला सगळं ठाऊक. फक्त उठायचं म्हटलं की तोंड फिरवायची.

आमच्या घरची एक रीत आहे. नारळी पौर्णिमेला घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईने नारळाची थाळी स्वतः पायी बंदरावर न्यायची. रिक्षात नाही, मुलाच्या स्कूटरवर नाही. आमच्या चेंदणी कोळीवाड्यातून बंदर काही फार लांब नाही. पण वाटेत चढ आहे, बाजार आहे, आणि शेवटी खाडीत उतरणाऱ्या शेवाळलेल्या पायऱ्या आहेत. सासूबाई गेल्यापासून थाळी तुळसाची. त्या वर्षी पहिल्यांदा ती मी नेली. परत आले तर तुळसा खुर्चीत तशीच. नारळीभात पुढ्यात वाळलेला.

"मनू," ती म्हणाली, "पुढच्या साली पुनवेला मी चालत नेईन. नाय जमलं तर थाली तुझी, कायमची. मग मना परत विचारू नको."

मला थाळीची हौस नव्हती. पण तुळसाचा शब्द मला माहीत होता. तिने एकदा सोडलं की सोडलं. बाजारात बसायचं सोडलं तेव्हाही असंच झालं होतं. आणि थाळी सोडली तर खुर्चीतून उठायला तिला दुसरं कारण उरणार नव्हतं.

अठ्ठ्याण्णवच्या सुरुवातीला कुंडलिक सुट्टीवर आला. सगळ्यांना साबण, चॉकलेट आणि आईला दोन काठ्या. हलक्या, चकचकीत, मुठीला पट्टे लावलेल्या.

"आये, फिनलंडला बघितलं मी. तुझ्याएवढ्या बायका ह्या घेऊन बागेत चालतात. दहा-दहा जणी, एका रांगेत. नॉर्डिक चालणं म्हणतात त्याला."

"त्यांना घरात काम नाय वाटतं," तुळसा म्हणाली.

"तुला तरी कुठे आहे?"

तुळसाने त्याच्याकडे असं बघितलं की तो चॉकलेट वाटायला उठून गेला. पण शीलाने काठ्या हातात घेतल्या, पट्टे मनगटात अडकवले आणि अंगणात चार फेऱ्या मारल्या. फेऱ्या मारताना ती सासूकडे बघतही नव्हती. मी बघत होते. तुळसा तिच्या पायांकडे बघत होती.

शीला पालिकेच्या उन्हाळी शिबिरात मुलांना खेळ शिकवायची, तलावाकाठच्या बागेत. त्या ओळखीवर ती उद्यान खात्याच्या साहेबांकडे गेली. घरी येऊन तिने मला सगळं सांगितलं.

"साहेब म्हणाले, मुलांना खेळ शिकवता ते ठीक, बायकांना चालायला शिकवणार? मी म्हटलं, हो सर, दोन काठ्यांनी. ते हसले, काकी. पण सकाळची वेळ दिली. हिरवळीवर जायचं नाही एवढीच अट."

काठ्यांची एकच जोडी होती. बाकीच्या आम्ही घरी केल्या. मांडववाल्याकडून बारीक बांबू आणले, औषधाच्या दुकानातून म्हाताऱ्यांच्या काठीला लावतात ती रबरं आणली, आणि मुठीला जाळ्याच्या दोरीचा फास केला. वाड्यातल्या सात-आठ बायका तयार झाल्या. तुळसाला शीलाने एवढंच सांगितलं, "आई, तुम्ही नुसत्या बाकावर बसा. बघायला." तुळसा रिक्षातून आली.

बागेच्या फाटकावर पहारेकरी होता, महिपत. साताऱ्याकडचा. एवढ्या बायका काठ्या घेऊन येताना बघून तो उठून उभा राहिला.

"मोर्चा कलेक्टर हाफिसला न्या, मावशी. हितं काय?"

"मोर्चा नाय, चालायला आलोय."

"मग काठ्या भायेर ठेवा. काठ्या आत चालत न्हाईत. पाटीवर लिवलंय."

मी प्रौढांच्या वर्गात जात होते तेव्हा. पाटी वाचायला घेतली. फुले तोडू नयेत. कुत्रे आणू नयेत. सायकल चालवू नये. जोडाक्षराला मी अडले की महिपत मला मदत करत होता. शेवटच्या ओळीपर्यंत आम्ही दोघं मिळून पोचलो.

"काठ्यांचं नाय काय," मी म्हणाले.

"न्हाई खरं," तो म्हणाला. मग रिक्षात बसलेल्या तुळसाकडे बघून त्याने पुन्हा जोर धरला. "पण ह्यांच्या दोन-दोन काठ्या कशाला?"

"बरं, ठेवते भाएर," तुळसा म्हणाली. "मग मना उचलून ने आत. बाकापरत. मी काय फार जड नाय."

महिपतने फाटक उघडलं.

चालणं सोपं आहे असं आम्हाला वाटलं होतं. शीला म्हणायची, काठी पायाच्या मागे टेकवा आणि रस्ता मागे ढकला. अंग आपोआप पुढे जातं. रविवारी तिची आई ठाकुर्लीहून यायची, विमलाबाई. पोस्टातून निवृत्त झालेल्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांना पहिल्याच दिवशी जमलं. हात झुलवत, मान ताठ ठेवून त्या निघाल्या, बांबूची जोडी असून.

आम्हा कोळणींना जमेना. आमच्यातल्या एकजात सगळ्यांची काठी पुढे जायची. पुढे टेकवायची, दाबून बघायची, मग पाय. पुन्हा काठी, पुन्हा पाय. मनगटं दुखायची, एकमेकींच्या पाठीवर आदळायचो.

तुळसा आठवडाभर बाकावर बसून हसली. मग एका रविवारी विहीणबाई तिच्यासमोरून ताठ मानेने गेल्या आणि सहज म्हणाल्या, "बसा, बसा तुळसाबाई, तुमचं आपलं बसणंच बरं." तुळसा काठ्या घेऊन उठली. तिचं तर सगळ्यांहून वाईट. दोन्ही काठ्या एकदम पुढे, मग थांबणं, मग पाय ओढणं. फाटकापर्यंत जाईतो घामाने भिजली.

"आई, पुढे नाही, मागे," शीला म्हणाली. "किती वेळा सांगू?"

"माझा हात नाय जात मागे."

मी शीलाला बाजूला घेतलं आणि समजावलं. ओहोटीला आम्ही लहानपणापासून खाडीच्या चिखलात जायचो, निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, आणि शिंपल्या गोळा करायला. तिथे काठीने आधी चिखल बघायचा. कमरेएवढा असला तर काठी सांगते. काठीच्या आधी पाय टाकलेली पोर गाळात रुतायची, आणि भरती काही थांबत नाही.

शीला सासूजवळ गेली. "पण आई, इथे जमीन आहे. पक्की."

"तुला ठाव आहे. माझ्या पायाला नाय ठाव. मोरीपण पक्की होती."

तिसऱ्या दिवशी शीलाने मला बरोबर घेतलं आणि बंदरावर जाऊन बसली. ओहोटी होती. रेतीच्या होड्या उथळ पाण्यातून काढत होते. शीला किती तरी वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी बागेत तिने विचारलं, "आई, पाणी कमी असलं की होडी कशी पुढे नेतात?"

"बांबूने. तळाला रोवायचा नि ढकलायचं."

"कुठे रोवायचा? पुढे?"

"पुढे रोवलास तर होडी थांबेल ना गो. मागे." तुळसाने हात केला तसा. मग आपल्याच हाताकडे बघितलं. "पण ते बाप्यांचं काम हाय."

"तुम्ही कधी केलंच नाही?"

"नवरा दारू पिऊन झोपला की कोण करत होतं मग?" ती म्हणाली. आम्ही सगळ्या हसलो, कारण सगळ्यांनीच केलं होतं.

त्या दिवसापासून आम्ही चालायला लागलो. शीलाने 'काठी' हा शब्दच सोडला. "ढकला होडी," एवढंच म्हणायची. तुळसाची एक बाजू लंगडत होती, पण अंग पुढे जात होतं. पावसाळ्यात बाग निसरडी झाली तरी महिपत फरशी झाडून ठेवायचा. एकदा म्हणाला, आमच्या मंडळीचं पन गुडघं धरलंत, तिला आनू का? आण म्हटलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शीला थाळी घासायला बसली होती. घासता घासता तिचा हात थांबला.

"काकी, दोन्ही हातांत काठ्या. मग थाळी कुठल्या हातात?"

सात महिने आम्ही सगळ्या त्या पौर्णिमेसाठी चालत होतो आणि हे एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. कुंडलिक बोटीवर होता, नाहीतर त्याला तरी विचारलं असतं. एका काठीवर तुळसा दहा पावलंही टिकत नव्हती. मी म्हटलं, थाळी मी धरते, तू शेजारी चाल. तुळसा म्हणाली, "शेजारी तर सगळी गल्ली चालते." आणि खुर्चीत जाऊन बसली. बराच वेळ बसली. मला वाटलं, संपलं.

मग तिने हाक मारली. "मनू, माझी चुंबळ कुठं ठेवलीस?"

चुंबळ म्हणजे डोक्यावर टोपलीखाली घ्यायचं कापडाचं वेटोळं. बाजार सोडल्यापासून ते माळ्यावर पडलं होतं.

"मासलीची टोपली हात न लावता नेली बाजारात. नारळ काय त्याहून जड हाय?"

दुसऱ्या दिवशी ती निघाली. हिरवं लुगडं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर थाळी, थाळीत नारळ, आणि दोन्ही हातांत फिनलंडच्या काठ्या. मागे आम्ही आमच्या बांबूंसकट. विमलाबाईही नेसून आल्या होत्या. बाजाराच्या तोंडावर वाड्यातले जुने देवराम उभे होते. म्हणाले, "तुळसा, दर्याला पुजायला चाललीस की मारायला?"

"वाटेत उभा राहिलास तर आधी तुला," ती मान न हलवता म्हणाली. मान हलवून चालणार नव्हतं.

चढ ती चढली. बाजारातून गेली. लोक बाजूला होत होते. बंदराच्या पायऱ्यांशी मात्र थांबली. शेवाळ चमकत होतं. शीलाने हात पुढे केला.

"हात नको."

तुळसाने काठी पुढे टाकली. दाबून बघितली. मग पाय. पुन्हा काठी, पुन्हा पाय, जुन्या सवयीने.

"इथं जमीन नाय, शीला," तुळसा म्हणाली. "इथं असंच."

शेवटच्या पायरीवर तिने एक काठी मला दिली, एक विहिणीला. आम्ही दोघी दोन्ही बाजूंना चिकटून उभ्या राहिलो. दोन्ही हातांनी तिने थाळी खाली घेतली आणि नारळ स्वतः दर्याला दिला. मग रिकामी थाळी माझ्या डोळ्यांसमोर धरली, बघ म्हणून, आणि परत काखेत मारली.

पुढच्या वर्षीही थाळी तिनेच नेली. तोवर कळव्याहून बायका बागेत यायला लागल्या होत्या, आणि ठाकुर्लीला विमलाबाईंनी त्यांच्याकडच्या बागेत वेगळा गट काढला होता. तिथल्या पहारेकऱ्याशी कसं बोलायचं ते तुळसाने त्यांना शिकवून पाठवलं. आमच्या बागेत आम्ही अजून जातो. थाळी आता मी नेते, चुंबळीवर, तिच्याच काठ्यांनी.

तुळसा नव्व्याण्णव सालच्या नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर, चार दिवसांच्या तापाने गेली.